अठरा नंबरचा पोर्ट

तामोरेकाका स्विचचं कपाट उघडायच्या आधी बूट काढून भिंतीशी लावून ठेवायचे. मोजेसुद्धा. मी त्या खात्यात नवी होते तेव्हा मला वाटलं, माणूस भाविक दिसतो, यंत्राला देव मानतो. मनातल्या मनात हसलेही. बूट काढण्याचं खरं कारण कळायला मला दीड वर्ष लागलं. कळल्यावर मी जे केलं, म्हणजे खरं तर जे केलं नाही, ते आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी मूळची स्टोअरची. शिरगावची बाई, बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात हातमोजे, मास्क आणि नटबोल्ट देण्यात माझी बारा वर्षं गेली. मग स्टोअरचं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि दोन माणसं जास्त झाली. त्यातली एक मी. साहेबांनी मला नेटवर्कच्या खोलीत धाडलं आणि तामोरेंच्या हाताखाली शिका म्हणाले. चाळिशीला आलेली मी, मला आता कोण काय शिकवणार, असा तोरा मिरवतच गेले.

तामोरेकाका मुरब्याचे. पंचावन्नच्या पुढचे, रुंद खांद्यांचे, हात मात्र बाईसारखे हलके. तरुणपणी होडीवर होते, मग टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या ठेकेदाराकडे, मग आमच्याकडे. वरच्या खिशात पेनाच्या जागी जुना टूथब्रश, पोर्टमधली धूळ काढायला. कमरेला टॉर्च. तो टॉर्च त्यांनी कधी पेटवलेला मी पाहिला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला स्विचसमोर बसवलं. चपटी लोखंडी पेटी, तोंडावर दोन ओळींत चोवीस भोकं, बहुतेकांत एकेक तार खुपसलेली. कारखान्यातला प्रत्येक कॉम्प्युटर, फोन, कॅमेरा तिथे येऊन एकमेकांशी बोलतो, एवढं मला माहीत होतं. मी म्हणाले, काका, ही तर सगळी सारखीच दिसतात.

“दारंपन सारखीच दिसतात, बाय,” ते म्हणाले. “आत कोन राहतो ते गावातल्याला विचारायचं.”

मग त्यांनी एकेक दार दाखवलं. साधा पोर्ट, ज्याला पुस्तकात अ‍ॅक्सेस म्हणतात, ते एका घराचं दार. ऑफिसची तार ऑफिसच्या घरात, कॅमेऱ्याची कॅमेऱ्याच्या. शेजारी शेजारी असल्या तरी एकमेकींना ओळख दाखवत नाहीत. ट्रंक पोर्ट वेगळा. मुरब्याहून मासळीचा टेम्पो निघतो तेव्हा दहा घरांच्या टोपल्या एकत्र जातात, प्रत्येकीला ज्याची त्याची चिंधी बांधलेली असते, बाजारात चिंधी बघून टोपली ज्याच्या त्याच्या बाईकडे. ट्रंक म्हणजे तो टेम्पो. एका स्विचपासून दुसऱ्या स्विचपर्यंत सगळ्यांचा माल एकाच तारेतून नेणारा. काही पोर्ट तारेतूनच वीजही देतात, फोन आणि कॅमेरे त्यावर जगतात. अशा पोर्टना काका पोसणारे म्हणायचे. कडेला दोन चौकोनी तोंडं काचेच्या तारेसाठी. आणि कोपऱ्यात एकटा कन्सोल, तिथून दुसऱ्या कुणाशी बोलायचं नसतं, फक्त पेटीलाच विचारायचं, की बाई तुझं काय दुखतंय. जे पोर्ट वापरात नाहीत ते त्यांनी कॉम्प्युटरवरून बंद करून ठेवले होते. घरात माणूस नाही तर दार उघडं कशाला.

शेवटी त्यांनी अठरा नंबरवर बोट ठेवलं. खालच्या ओळीत डावीकडून नववा. प्लांट दोनमध्ये वायू हुंगणारी यंत्रं आहेत, त्यांची ती तार. गळती झाली की यंत्राला कळणार, यंत्र या तारेतून कंट्रोल रूमला सांगणार, कंट्रोल रूम भोंगा वाजवणार आणि माणसं पळणार. या सगळ्याच्या मधे हा अठरा नंबर.

“ह्याला कोनी हात लावायचा नाय,” काका म्हणाले. “तूपन नाय. साहेबपन नाय.”

प्रत्येक पोर्टवर एक बारका हिरवा दिवा असतो. तार जिवंत असली की तो लागतो. आम्ही बाकीचे दिवा लागला की झालं म्हणून मोकळे. काकांचं तसं नव्हतं. दिवा लागला म्हणजे माणूस आला असं नाय, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. चुकीच्या घरात शिरलेल्या तारेचाही दिवा हिरवाच लागतो, हे त्यातलं शहाणपण. म्हणून तार लावली की ते पलीकडच्याला फोन करायचे, “आलं का?” एवढंच विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत डावा हात वर धरून खोलीतल्या सगळ्यांना गप्प करायचे. एकदा मोठे साहेब घाईघाईत आत आले, दिवा तर लागलाय, थांबलात कशाला म्हणून ओरडले. काकांनी तोच हात साहेबांच्या तोंडासमोर धरला. पलीकडून ‘आलं’ ऐकू आल्यावरच खाली घेतला आणि मग साहेबांना नमस्कार केला.

त्यांचा एकच दोस्त होता, लहानू. विक्रमगडच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, डोंगरउतारावर थोडी नाचणी, थोडी वरई. ती लावून झाली की ठेकेदाराकडून आमच्या प्लांट दोनमध्ये झाडलोटीला यायचा. एकच्या सुट्टीत दोघं नेटवर्कच्या खोलीबाहेर पायरीवर बसून जेवायचे. काका सुकट द्यायचे, लहानू कधी शेवळं, कधी रानातली काकडी. फारसं बोलत नसत. जेवण झालं की लहानू काकांच्या कोपराला हात लावायचा आणि दोघं पायऱ्या उतरून हात धुवायला जायचे. मला ते प्रेमाचं वाटायचं. ते प्रेमाचं होतंच, पण तेवढंच नव्हतं.

आता गाठींबद्दल. काकांनी प्रत्येक तारेच्या टोकाला जाळं विणायचा नायलॉनचा दोरा बांधला होता. ऑफिसला एक गाठ, कॅमेऱ्याला दोन, यंत्रांना तीन, ट्रंकला लांब पीळ, आणि अठरा नंबरला जाळं फाटल्यावर सांधतात ती जाड गाठ. मला त्या गाठींचा भयंकर राग होता, कारण स्टोअरला असताना मी स्वतः मागे लागून चिठ्ठ्या छापायचं यंत्र मागवलं होतं. काकांनी ते एकदाही वापरलं नाही. कपाटात ते खोक्यासकट पडून होतं आणि इथे कोळ्याच्या जाळ्यासारखे दोरे लोंबत होते.

काका भाचीच्या लग्नाला चार दिवस सुट्टीवर गेले आणि मी संधी साधली. दोन दिवस खपून प्रत्येक तारेला सुबक छापील चिठ्ठी लावली आणि कात्रीने एकूण एक गाठ कापून टाकली. अठरा नंबरचीसुद्धा, तार न काढता. खोली पाहायला साहेबांनाही बोलावलं. साहेब खूश.

सोमवारी काका आले, बूट काढले, कपाट उघडलं आणि नेहमीप्रमाणे तारांवरून बोटं फिरवली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. मी कौतुकाची वाट बघत मागे उभी. ते हळूच खाली जमिनीवर बसले. मी म्हणाले, काका, चिठ्ठ्या लावल्यात ना, वाचा की.

“वाचतोय कुठं,” ते म्हणाले. “मला दिसत नाय, बाय.”

काचबिंदू. कडेकडेची नजर आधी गेली होती, मधली उरली होती तीही नळीतून बघावं तशी, तीसुद्धा धुरकट. बूट काढायचे कारण जमिनीवर पडलेली तार पायाला कळावी म्हणून. टॉर्च कमरेला असायचा तो लोकांसाठी. कॉम्प्युटरवरची अक्षरं ते बोटाएवढी मोठी करून वाचायचे आणि कोणी आलं की पुन्हा लहान करायचे. आणि लहानू कोपराला हात लावायचा तो पायऱ्यांसाठी. कारखान्यात हे फक्त लहानूला ठाऊक होतं, आणि आता मला.

मी म्हणाले, साहेबांना सांगा, दुसरं काही काम देतील. त्यावर त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडिलांनाही हेच झालं होतं. होडीचे तांडेल, अख्खं गाव त्यांच्या शब्दावर समुद्रात जायचं. नजर गेल्यावर ते घराच्या ओट्यावर बसले ते अकरा वर्षं बसले. आधी लोक थांबून बोलायचे, मग चालता चालता बोलायचे, मग नुसतेच जायचे. शेवटी शेवटी कोणी जवळून गेलं की म्हातारा विचारायचा, कोन हाय, आणि समोरचा घाईत असला की उत्तरसुद्धा देत नसे.

“मला ओट्यावर बसवू नको, बाय,” काका म्हणाले. “एवढं कर. हात हायेत माजे. हातानं मला सगळं दिसते.”

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही समजत होतं. अठरा नंबरच्या पलीकडे प्लांट दोनमध्ये पाळीला पंचवीस-तीस माणसं असायची. पण समोर तो एवढा मोठा माणूस अनवाणी फरशीवर बसलेला, आणि त्याची बोटं मीच कापल्यासारखी झालेली. मी कबूल केलं. पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून सगळ्या गाठी पुन्हा बांधल्या. माझ्या चिठ्ठ्याही राहू दिल्या, साहेबांना दाखवायला.

त्यानंतर वर्षभर मी त्यांचे डोळे होते. कोणी कागद आणला की मी पुढे होऊन मोठ्याने वाचायचे, जसा काही मलाच मोठ्याने वाचायचा नाद. दिवा कोणता लागलाय ते मी सांगायचे. आमचं छान बसलं होतं, आणि खोटं सांगत नाही, मला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता.

मग जुना स्विच बदलायचं ठरलं. मुंबईहून नव्या पेटीसोबत दोन माणसं आली. गुरुवारचा दिवस. सकाळपासून त्यांनी चिठ्ठ्या वाचून एकेक तार नव्या पेटीत लावली. चिठ्ठ्या उपयोगी पडल्या म्हणून मी मनात फुशारलेही. अठरा नंबर मात्र काकांनी त्यांना लावू दिला नाही. तो मीच लावनार, म्हणाले. त्यांनी बूट काढले. मुंबईची माणसं एकमेकांकडे बघून हसली. काकांनी जाड गाठ हातात धरली, दुसऱ्या हाताची बोटं खालच्या ओळीवरून नेली, एक, दोन, तीन, मोजता मोजता नववं तोंड रिकामं लागलं, तार आत सरकवली. टक् असा आवाज झाला.

जुन्या पेटीत नंबर वरखाली चालायचे: वर एक, खाली दोन, वर तीन, खाली चार. म्हणून खालचा नववा म्हणजे अठरा. नव्या पेटीत वरच्या ओळीत एक ते बारा सरळ होते आणि खालच्या ओळीत तेरापासून पुढे. खालचा नववा म्हणजे एकवीस. एकवीस नंबर एका कॅमेऱ्यासाठी सुरू करून राखून ठेवला होता, तो कॅमेरा अजून बसवायचा होता. वायूच्या यंत्रांची तार कॅमेऱ्यांच्या घरात शिरली. बोटांना हे कळायला मार्ग नव्हता. नंबर पेटीवर छापलेले होते, आणि बघायला मी होते.

“दिवा लागला?” काकांनी विचारलं.

मी दिवा बघितला. हिरवा लागला होता. नंबर मी बघितला नाही.

काकांनी फोन उचलला, तो बंद. फोन त्याच पेटीवर जगणारे, पेटी नुकती सुरू झालेली, ते अजून जागे व्हायचे होते. मोबाईल गेटवर जमा. कंट्रोल रूमपर्यंत चालत जाऊन विचारायला हवं होतं. वाटेत नव्या गटारासाठी खणून ठेवलेलं, सकाळी काका तिथे दोनदा अडखळले होते, आणि आता ही हसणारी माणसं बघत होती. ते दारापाशी जाऊन थांबले.

“नक्की लागला ना, बाय?”

“नक्की,” मी म्हणाले. “हिरवागार आहे. चला काका, कॅन्टीन बंद होईल.”

ते आले. दुपारी फोन सुरू झाले, पण दर मिनिटाला कोणी ना कोणी, माझं हे चालत नाही, माझं ते चालत नाही म्हणून फोन करत होतं, आणि तो एक फोन राहून गेला. कंट्रोल रूमच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं, कारण नवे आकडे आले नाहीत की तो जुनेच दाखवत राहायचा. भोंग्याची चाचणी दर बुधवारी. बुधवार यायला अजून सहा दिवस होते.

सोमवारी दुपारी प्लांट दोनमध्ये एका पाइपचा सांधा सुटला. भोंगा वाजला नाही. वास आला तशी माणसं आपापली पळाली, उमेश नावाचा बिहारकडचा ऑपरेटर ‘भागो, भागो’ ओरडत सगळ्यांना बाहेर काढत होता. लहानू खाली पंपाच्या खड्ड्यात झाडत होता. तो वायू जड, खाली बसणारा. उमेशने ओला रुमाल तोंडाला बांधून त्याला ओढून आणलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

लहानू वाचला. पण त्याची छाती गेली. महिन्याने दवाखान्यातून सोडला तेव्हा चार पावलं टाकून तो भिंत धरायचा. डोंगरउतारावर शेत असलेल्या माणसाला चार पावलांचा श्वास घेऊन घरी धाडला.

चौकशी झाली. मुंबईच्या माणसांनी हात झटकले, पण नव्या पेटीचे नंबर फसवे आहेत हे त्यांनी मान्य केलं. साहेबांनाही प्रकरण मिटवायचं होतं. नव्या यंत्रातल्या गोंधळामुळे, असं वाक्य जवळजवळ लिहून झालं होतं. तामोरेंचा काही दोष नाही, साहेब म्हणाले. मी हातात रजिस्टर घेऊन भिंतीशी उभी होते आणि मला एकदम हलकं वाटलं, हे मी लपवत नाही.

काका उभे राहिले. “यंत्रात काय गोंधळ नाय, साहेब. मला दिसत नाय. तीन वरसं झाली.”

साहेबांनी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत होतं? काका म्हणाले, कोनाला नाय. मग साहेबांनी विचारलं, तार लावताना तुमच्यासोबत कोण होतं?

“कोन नव्हतं,” काका म्हणाले. “माजा मी एकटा.”

तार लावताना हजर असलेली मुंबईची माणसं तोवर निघून गेली होती. तोंड उघडायची वेळ माझी होती. मी रजिस्टर छातीशी घट्ट धरलं. लाज म्हणजे काय हे मला विचारा. काका दरवाजाकडे निघाले, चौकट त्यांच्या खांद्याला लागली, आणि तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं की त्यांना दिसत नाही.

नंतर त्यांची जागा मला मिळाली. अठरा नंबर आता अठरातच आहे. मी रोज कंट्रोल रूमला चालत जाऊन विचारते, आलं का? तिथली पोरं हसतात.

मुरब्याला मी गेले ते सात महिन्यांनी. लहानू गेल्याची बातमी ठेकेदाराकडून आली होती. पंधरा दिवस झाले होते त्याला. काकांना कोणी कळवलं नसणार, म्हणून मीच निघाले. आणि दुसरंही एक सांगायचं होतंच. वाटभर दोन्ही वाक्यं घोकत होते.

काका ओट्यावर बसले होते, ज्या ओट्यावर म्हातारा बसायचा त्याच ओट्यावर. मांडीवर कुणाचं तरी जाळं होतं, बोटं चालू होती. दाढी वाढलेली. मी अंगणात आले तसे म्हणाले, “कोन हाय?” आणि मी उत्तर द्यायच्या आत पुन्हा घाईघाईने, “कोन हाय? थांब ना जरा.”

मी नाव सांगितलं. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. काकूंनी चहा दिला. मी आधी माझं सांगून टाकलं. काका, दिवा हिरवा आहे असं मी म्हणाले होते. नंबर मी बघितलाच नाही. चौकशीत तुम्ही एकट्याने घेतलंत आणि मी गप्प बसले.

“दिवा हिरवाच व्हता,” ते म्हणाले. “तू खोटं नाय बोललीस. पलीकडं विचारायचं काम माजं व्हतं.”

मला रडू फुटलं. त्यांनी तोंड जाळ्याकडे वळवलं आणि बोटं पुन्हा चालू केली. मग आत कुठे तरी घड्याळात एक वाजला तसं त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, खिशातून जुना बटणांचा मोबाईल काढला आणि अंगठ्याने मोजून आकडे दाबले. काकू दारातून हलक्या आवाजात म्हणाल्या की रोज एकला लहानूला लावतात. पूर्वी त्याची बायको उचलायची, तो दोन शब्द बोलायचा, खोकायचा. हल्ली फोन बंदच येतो, तरी लावतात.

काकांनी फोन कानाला लावला आणि डावा हात वर धरला. आम्ही दोघी गप्प झालो. फोन बंद असल्याचं सांगणारा बाईचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तोच आवाज.

“पाड्यावर रेंज नसंल,” ते माझ्या दिशेने म्हणाले. “नाय का, बाय?”

लहानू गेला, तेवढं एक वाक्य सांगायचं उरलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, वर धरलेल्या हाताकडे बघितलं.

“नसेल रेंज,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा आकडे दाबायला घेतले. मी चपला घालून निघाले. गल्लीच्या टोकाला मागे वळून बघितलं तेव्हा काका तसेच बसले होते, फोन कानाशी, डावा हात वर. समोरून एक बाई टोपली घेऊन गेली, तिने त्या हाताकडे बघितलं आणि न थांबता पुढे गेली.